कॉलेजचा सर्वोत्तम बास्केटबॉलपटू एनबीएत टिकेल का, हे कसे ओळखावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली काही वर्षे आपण मार्च महिन्यातली अमेरिकन कॉलेज स्पर्धा पहाटे उठून पाहता आणि अंतिम सामना तर मंगळवारी सकाळच्या चहाबरोबर सुरू होतो. तरीही ज्या खेळाडूवर आपला जीव जडतो तो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर दोन-तीन वर्षांत दिसेनासा होतो, आणि ज्याच्याकडे आपले लक्षही गेले नव्हते असा एखादा पुढे ऑल-स्टार होतो. निवड करणारे नेमके काय पाहतात, घरी बसून सामना पाहणाऱ्याला ते दिसू शकते का आणि पुढच्या हंगामात कोणावर नजर ठेवावी, असे आपण विचारले आहे.

उत्तर देणारा कोण आहे, हे आधी सांगतो. मी पुण्यात आंतरमहाविद्यालयीन पातळीपर्यंत खेळलो, शिक्षणासाठी अमेरिकेत आलो, तेथे एका मध्यम दर्जाच्या कॉलेज संघाच्या व्हिडिओ विभागात सहायक म्हणून लागलो, आणि आता बरीच वर्षे अमेरिकेबाहेरच्या व्यावसायिक क्लबांसाठी कॉलेज खेळाडूंचे अहवाल लिहितो. एनबीएच्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, खोलीत मी कधी बसलेलो नाही. मात्र त्या खोलीच्या चाळणीतून खाली पडलेले खेळाडू माझ्या टेबलावर येतात, आणि ते का पडले हे शोधण्याचेच मला पैसे मिळतात.

आपला प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागेल. कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू कोण, हे ठरवणे फारसे अवघड नसते, आणि पुरस्कार देणारे बहुधा चुकतही नाहीत. अडचण अशी की व्यावसायिक संघाला त्या प्रश्नाचे उत्तर नको असते. कॉलेजात संघ सर्वोत्तम खेळाडूभोवती बांधला जातो. चेंडू त्याच्या हातात, स्क्रीन (बचावपटूच्या वाटेत उभे राहून सहकाऱ्याने घातलेला अडसर) त्याच्यासाठी, चुकलेले फटके त्याला माफ. एनबीएत 30 संघ आहेत आणि प्रत्येक संघात अशी मुभा एखाद-दोघांनाच असते. त्यामुळे दरवर्षी ड्राफ्टमधून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॉलेज ताऱ्याच्या हातून चेंडू पहिल्याच दिवशी काढून घेतला जातो. म्हणून मी अहवाल लिहायला बसतो तेव्हा पहिला प्रश्न असा असतो की चेंडू काढून घेतल्यावर या खेळाडूपाशी काय उरते.

हे समजायला तीन आकडे पुरेसे आहेत. 2005-06 च्या हंगामात गोन्झागा कॉलेजच्या अ‍ॅडम मॉरिसनने सामन्यामागे 28.1 गुण केले, 2008-09 मध्ये डेव्हिडसनच्या स्टीफन करीने 28.6 आणि 2010-11 मध्ये ब्रिगहॅम यंगच्या जिमर फ्रेडेटने 28.9. तिघेही त्या त्या वर्षी देशात सर्वाधिक गुणांची सरासरी असलेले खेळाडू होते. ड्राफ्टमध्ये मॉरिसन तिसऱ्या, करी सातव्या आणि फ्रेडेट दहाव्या क्रमांकावर निवडले गेले. नुसता गुणांचा रकाना वाचणाऱ्याला हे तिघे भाऊ वाटतील. पुढे एकाने या खेळाचा नकाशा बदलला आणि उरलेल्या दोघांना एनबीएत पाय रोवता आले नाहीत.

करीचे वेगळेपण कॉलेजातच दिसत होते, पण ते गुणांत दिसत नव्हते. 2007-08 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी डेव्हिडसनसारखे छोटे कॉलेज शेवटच्या आठ संघांत पोहोचले त्या वर्षी, संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू सांभाळून खेळ चालवणारा खेळाडू, करी नव्हता. ते काम जेसन रिचर्ड्स करत होता, आणि त्या हंगामात असिस्टमध्ये, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करता येईल असे पास देण्यात, तो देशात पहिला होता. करी चेंडूशिवाय धावत होता, एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर, आणि चेंडू हाती आला की पापणी लवण्याच्या आत फटका मारत होता. रिचर्ड्स बाहेर पडल्यावर पुढच्या वर्षी करीने चेंडू सांभाळण्याचे कामही केले आणि सामन्यामागे साडेपाचहून अधिक असिस्ट दिले. दोन्ही कामे दोन वेगवेगळ्या हंगामांत करून दाखवलेला खेळाडू निवड करणाऱ्याला क्वचितच मिळतो.

त्याच हंगामात, नोव्हेंबर 2008 मध्ये, मेरीलंडच्या लॉयोला कॉलेजच्या प्रशिक्षकांनी करीवर सामनाभर दोन बचावपटू लावून ठेवले. करी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्याने संपूर्ण सामन्यात तीनच फटके घेतले आणि त्याच्या नावावर शून्य गुण लागले. मात्र उरलेल्या जागेत चार विरुद्ध तीन असा खेळ सुरू राहिला आणि डेव्हिडसनने तो सामना 78-48 असा जिंकला. वर्तमानपत्रांत त्या दिवशी शून्याची बातमी झाली. माझ्या मते कॉलेज काळातला त्याच्याविषयीचा सर्वांत मोठा पुरावा हाच शून्य होता, कारण एनबीएत ज्या गुणाला सर्वाधिक किंमत आहे तो गुण, म्हणजे नुसते उभे राहून बचावाची रचना मोडणे, येथे चेंडूला हात न लावता दिसला. अर्थात करी एवढा मोठा होईल असे मला तेव्हा वाटले होते, असे मी म्हणणार नाही. तो टिकेल एवढे मात्र त्या चित्रफितीत होते.

मॉरिसनबद्दल लोक फार कठोर बोलतात. त्याचा पहिलाच एनबीए हंगाम 38 टक्क्यांहूनही कमी नेमबाजीचा होता, आणि दुसऱ्या हंगामापूर्वी गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्याने तो हंगाम पूर्ण वाया गेला. तेव्हा सारा दोष कौशल्याचा धरता येत नाही. पण 2006 मध्ये पुरस्कारांसाठी त्याच्याशी ज्याची चुरस होती, त्या ड्यूकच्या जे. जे. रेडिकची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. तो 11 व्या क्रमांकावर गेला, सुरुवातीची वर्षे बाकावर बसला, बचाव शिकला, आणि स्क्रीनमागून धावत येऊन फटका मारणे या एकाच धंद्यावर 15 हंगाम खेळला. मॉरिसनला फटक्यापर्यंत पोहोचायला चेंडू, वेळ आणि जागा तिन्ही लागत. रेडिकला फक्त एक स्क्रीन पुरत असे.

येथे एक तांत्रिक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण दूरचित्रवाणीवर दोन्ही कोर्ट सारखीच दिसतात आणि आपण नकळत दोन्ही खेळ एकच मानतो. कॉलेजातला सामना 40 मिनिटांचा असतो, एनबीएतला 48 मिनिटांचा. कॉलेजात फटका घ्यायला 30 सेकंद मिळतात, एनबीएत 24. थ्री-पॉइंटची रेषा, जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, एनबीएत समोरून 23 फूट 9 इंचांवर आहे; कॉलेजात ती 2019-20 पासून 22 फूट पावणेदोन इंचांवर आली, आणि फ्रेडेटच्या काळात तर ती 20 फूट 9 इंचांवरच होती. बास्केटखालचा रंगवलेला पट्टा कॉलेजात 12 फूट रुंद असतो, एनबीएत 16 फूट, आणि आक्रमण करणाऱ्या खेळाडूला त्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे कॉलेजात उंच सेंटर बास्केटपासून जितक्या जवळ जागा धरून बसू शकतो तितक्या जवळ त्याला वरच्या पातळीवर बसता येत नाही. उलट बचाव करणाऱ्या सेंटरला कॉलेजात पट्ट्यात ठाण मांडून राहण्याची मुभा आहे. एनबीएत समोर कोणी नसताना तोही तीन सेकंदांवर तेथे उभा राहू शकत नाही. त्यामुळे तेथे त्याला बाहेर यावे लागते आणि त्याच्या पायांची परीक्षा होते.

आता 2011 कडे येतो, कारण आपल्या प्रश्नात ‘लक्षही गेले नव्हते’ असे जे शब्द आहेत त्यांचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ब्रिगहॅम यंग आणि सॅन डिएगो स्टेट ही दोन्ही कॉलेजे तेव्हा एकाच गटात खेळत होती. 26 जानेवारी 2011 रोजी सॅन डिएगो स्टेटचा संघ लागोपाठ 20 विजय मिळवून, एकही सामना न हरता, ब्रिगहॅम यंगच्या गावी, प्रोव्होला आला. फ्रेडेटने एकट्याने 43 गुण केले आणि ब्रिगहॅम यंगने 71-58 असा विजय मिळवला. सारा देश त्याचे नाव घेऊ लागला, आणि ते योग्यच होते. त्या वर्षीचे मोठे पुरस्कार त्यालाच मिळाले. हरलेल्या संघात कावाय लेनर्ड नावाचा दुसऱ्या वर्षाचा एक फॉरवर्ड होता. त्याची हंगामाची सरासरी 15.5 गुण आणि 10.6 रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) अशी होती, आणि थ्री-पॉइंटची अचूकता 29 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरळ सांगायचे तर वाईट.

जूनमध्ये फ्रेडेट दहाव्या क्रमांकावर गेला, लेनर्ड 15 व्या. सॅन अँटोनियो या एनबीए संघाने लेनर्डला मिळवण्यासाठी जॉर्ज हिलसारखा उपयोगी गार्ड देऊन टाकला, आणि तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. लेनर्डपाशी त्या दिवशी काय होते ते पाहू. दोन्ही हात पसरले तर 7 फूट 3 इंच भरणारी लांबी, सव्वाअकरा इंच रुंद पंजा, आणि उंच सेंटर संघात असतानाही सामन्यामागे दहाच्या वर रिबाउंड, जे चेंडूमागे न थकता जाण्याच्या सवयीशिवाय मिळत नाहीत. त्याला बास्केट करायला चेंडू सतत हातात लागत नव्हता. वय पाहावे तर ड्राफ्टच्या रात्री त्याची 20 वर्षे पूर्ण व्हायला सहा दिवस बाकी होते. फ्रेडेट तेव्हा 22 वर्षांचा होता.

राहिला फटक्याचा प्रश्न. थ्री-पॉइंटची कॉलेजातली टक्केवारी फसवी असते, कारण हंगामात तीस-पस्तीस सामने आणि त्यातले मोजके फटके एवढाच तिचा आधार असतो. म्हणून मी फ्री थ्रोकडे, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्याकडे, अधिक लक्ष देतो. ती रेषा शाळेपासून एनबीएपर्यंत 15 फुटांवरच असते, समोर बचावपटू नसतो, आणि त्यामुळे मनगटाची खरी चाल तेथे उघडी पडते. लेनर्ड फ्री थ्रो शंभरातले पंचाहत्तरच्या आसपास टाकत होता. म्हणजे हात बरा होता आणि फटक्याची घडण बिघडलेली होती, आणि घडण दुरुस्त होऊ शकते. सॅन अँटोनियोकडे चिप एंजेलँड हे फटक्याचे नामवंत प्रशिक्षक होते. पहिल्याच हंगामात लेनर्डची थ्री-पॉइंटची अचूकता 37 टक्क्यांच्या पुढे गेली. 2014 आणि 2019 च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू आणि दोनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू हे सारे नंतर आले.

फ्रेडेटचे काय झाले? त्याचा फटका एनबीएतही बिघडला नाही. थ्री-पॉइंटमध्ये तो तेथेही 37 टक्क्यांच्या वर राहिला. मात्र लांब हातांच्या बचावपटूसमोर स्वतःसाठी फटका तयार करायला त्याला पूर्वीइतकी मोकळीक मिळाली नाही, पायांची बाजूकडची हालचाल कमी पडल्याने प्रतिस्पर्धी संघ त्यालाच लक्ष्य करू लागले, आणि ज्याला चेंडू सोपवावा इतका तो इतरांपेक्षा सरस नव्हता. पुढे चीनमध्ये चेंडू पुन्हा त्याच्या हातात आला तेव्हा तो तेथील लीगचा सर्वोत्तम परदेशी खेळाडू ठरला, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या तीन-विरुद्ध-तीन संघात तो होता. त्याला ‘अपयशी’ म्हणणे मला पटत नाही. आमच्या क्लबांच्या दृष्टीने असा खेळाडू सोन्यासारखा असतो, कारण आम्ही त्याला चेंडू देऊ शकतो.

आतापर्यंतचे एकत्र करायचे तर मी चेंडूशिवायचे काम, शरीराची लांबी, पायांची बाजूकडची हालचाल आणि फ्री थ्रो यांना गुणांच्या सरासरीच्या वर ठेवतो. यात वय मिळवावे लागते, आणि अलीकडे तो भाग फार गुंतागुंतीचा झाला आहे.

2006 च्या ड्राफ्टपासून अमेरिकन खेळाडूला शाळा सोडल्यावर किमान एक वर्ष थांबावे लागते आणि ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात त्याची 19 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे अत्यंत गुणी मुले एकच वर्ष कॉलेजात काढून निघून जातात. दुसऱ्या टोकाला, जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात आणि 2025 पासून कॉलेजेही त्यांना उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात. एनबीए ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवड झाली तर दोन वर्षांचे मानधन पक्के असते. दुसऱ्या फेरीत असे काहीच बंधनकारक नसते. मग ज्याला दुसऱ्या फेरीची आशा आहे तो कॉलेजातच थांबतो, आणि ते शहाणपणाचेही आहे. परिणामी 18 वर्षांचा मुलगा आणि 23 वर्षांचा पुरुष एकाच कोर्टवर खेळताना दिसतात, आणि त्यांचे 20-20 गुण एका तराजूत घालता येत नाहीत. थोरल्याने धाकट्यांवर मिळवलेला विजय मी अर्धाच मोजतो.

अलीकडच्या पुरस्कारविजेत्यांवर हे लावून पाहावे. आयोवाचा लुका गार्झा 2021 मध्ये देशातला सर्वोत्तम ठरला आणि 52 व्या क्रमांकावर गेला. (याच 52 व्या क्रमांकावर 2015 मध्ये पंजाबचा सतनाम सिंग निवडला गेला होता, जो कॉलेज न खेळताच फ्लोरिडातल्या अकादमीतून आला आणि ज्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही.) केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने 2021-22 मध्ये सामन्यामागे 15.1 रिबाउंड घेतले आणि सर्व पुरस्कार मिळवले. 2023 च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही निवडले नाही. दोघेही बास्केटजवळ खेळणारे होते, आणि दोघांबद्दलची शंका एकच होती: एनबीएतला चपळ गार्ड त्यांना बाहेर ओढून समोरासमोर उभा राहिला तर काय होईल.

पर्ड्यूचा झॅक एडी याच साच्यातला वाटत होता. 2023 आणि 2024 अशी दोन वर्षे तो सर्वोत्तम ठरला, आणि तरीही तो पहिल्या फेरीत फार वर जाऊ नये असे म्हणणारे पुष्कळ होते. मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्या हंगामाअखेर लीगच्या सर्वोत्तम नवोदितांच्या मानाच्या पहिल्या संघात त्याचे नाव होते. येथे फरक उंचीचा आहे. 6 फूट 9 इंचांचा सेंटर आणि 7 फूट 4 इंचांचा सेंटर यांच्यातला फरक सात इंचांपुरता नसतो. दुसऱ्याला बाहेर न येता पट्ट्याच्या तोंडाशी मागे राहूनही फटका अडवता येतो, आणि स्क्रीन लावताना तो भिंतीसारखा असतो. म्हणजे हातात चेंडू नसताना त्याच्यापाशी काहीतरी उरते.

ड्यूकच्या कूपर फ्लॅगबाबत तर वादच नव्हता. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेले फटके) या पाचही रकान्यांत तो आपल्या संघात पहिला होता, आणि 2025 मध्ये डॅलसने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले तेव्हा तो 18 वर्षांचा होता. अशा खेळाडूवर अहवाल लिहायला माझ्यासारख्याची गरज नसते.

यातले किती परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगितले पाहिजे. लेनर्ड सॅन अँटोनियोऐवजी दरवर्षी प्रशिक्षक बदलणाऱ्या एखाद्या संघात गेला असता तर त्याचा फटका कोणी दुरुस्त केला असता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुखापत, पहिल्या दोन वर्षांत मिळणारी मिनिटे, आपल्या जागेवर आधीच बसलेला दहा वर्षांचा अनुभवी खेळाडू, या गोष्टी कोणत्याही चित्रफितीत दिसत नाहीत.

शिवाय मीही चुकतो, आणि एक चूक तर मला अजून बोचते. 2018 मध्ये विलानोव्हाचा जेलन ब्रन्सन देशातला सर्वोत्तम खेळाडू होता, दोन विजेतेपदे त्याच्या नावावर होती, आणि मी त्याच्याविषयी ‘उंची कमी, उडी कमी, विश्वासू बदली गार्ड’ असे लिहून फाईल बंद केली. तो 33 व्या क्रमांकावर गेला, म्हणजे इतरांनीही तसेच लिहिले असणार. पण ते समाधान खोटे आहे. तो थांबून, वळून, खांदा लावून बचावपटूचा तोल घालवतो आणि त्यामुळे त्याला वेगाची गरज पडत नाही, हे चित्रफितीत स्पष्ट होते. मी पाय पाहिले आणि त्या पायांचा उपयोग कसा होतो हे पाहिले नाही. न्यूयॉर्ककडून 2023-24 मध्ये त्याने सामन्यामागे 28.7 गुण केले. तेव्हापासून माझ्या अहवालात ‘वेग’ या शब्दाशेजारी ‘वेग बदलण्याची क्षमता’ असा वेगळा रकाना आहे.

पुढच्या हंगामात कोणावर नजर ठेवावी, याचे उत्तर नावांनी देण्याचे मी टाळतो, कारण ती यादी आपल्याला कोठेही मिळेल आणि फेब्रुवारीपर्यंत तीनदा बदलेल. त्याऐवजी आवडत्या खेळाडूचा एक पूर्ण सामना चित्रमुद्रित करून दुसऱ्यांदा पाहावा, आणि या वेळी चेंडू कोठे आहे याकडे अजिबात लक्ष न देता फक्त त्यालाच पाहावे. चेंडू दुसऱ्याकडे असताना तो उभा राहतो की जागा बदलतो, त्याचा बचावपटू त्याला सोडून मदतीला जाण्याचे धाडस करतो का, फटका चुकल्यावर तो माघारी धावतो का, बचावात स्क्रीन लागल्यावर त्याच्या तोंडून सहकाऱ्यांना इशारा जातो का, एवढे कागदावर टिपून ठेवावे. सामना शक्यतो तुल्यबळ किंवा वरचढ संघाविरुद्धचा निवडावा. डिसेंबरातल्या दुबळ्या पाहुण्या संघांविरुद्धचे सामने मी पाहतच नाही.

पहिल्या वेळी हे दहा मिनिटांतच कंटाळवाणे वाटेल आणि नजर पुन्हा पुन्हा चेंडूकडे जाईल. माझी आजही जाते, म्हणून मी आवाज बंद करून पाहतो. समालोचक चेंडूमागे धावत असतो आणि कान त्याच्याबरोबर नजरेलाही ओढून नेतात.